आठ मिनिटांचा ताळा

पतसंस्थेत एकवीस वर्षं हिशोबाचं काम करते आहे. दिवसअखेर ताळा जुळला नाही तर मला घरी जाववत नाही. १२ जानेवारीला नाशिकमध्ये मी पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे साधारण २१ किलोमीटर, पळाले. ठरवले होते अडीच तास, लागले २ तास ३८ मिनिटं १२ सेकंद. वरची ८ मिनिटं १२ सेकंद कुठे गेली, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले. नोकरी आणि घर सांभाळून, पंचेचाळिशीच्या आसपास पहिल्यांदा पळायचं मनात आणणाऱ्या कुणालाही उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

सुरुवात जूनमध्ये झाली. माझी नणंद गंगापूर रोडला राहते. आदल्या वर्षी ती १० किलोमीटर पळाली होती. वटपौर्णिमेला घरी आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही पण या." दुसऱ्या दिवशी पहाटे मी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेले. शंभर-दीडशे पावलं पळाले आणि बाकावर बसले. धाप इतकी लागली होती की डोळ्यांपुढे अंधारी आली. वय झालं, असंच मला वाटलं. नणंदेने मात्र पिच्छा पुरवून रक्ताची तपासणी करायला लावली. हिमोग्लोबिन ९.८ निघालं. बाईला १२ तरी हवं.

डॉक्टर म्हणाले, आधी रक्त भरून काढा, पळायचं नंतर. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहापासून निदान दोन तास लांब, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. उठल्याउठल्या चहा आणि त्यावर गोळी, अशी आपल्याकडे बहुतेक बायकांची सवय असते, माझीही होती. चहा नऊ वाजता ऑफिसात गेल्यावर घ्यायला लागले. या गोळ्यांनी शौचाला काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात; आपल्या मनाने बंद करू नका. पहिल्या तपासणीला ३५० रुपये गेले. ऑक्टोबरात पुन्हा केली तेव्हा फेरिटिनसकट (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) १,०५० झाले. हिमोग्लोबिनचा आकडा आला १२.२. तो कागद मी देवघरात ठेवला होता. मैदानातून मेडल मिळवून आल्यासारखा आनंद मला त्या दिवशी झाला, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की माझ्या पळण्यातला सगळ्यात मोठा टप्पा तोच होता.

मधल्या तीन महिन्यांत डॉक्टरांच्या परवानगीने चालणं-पळणं चालू होतं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. आठवड्यातून चार दिवस. पावसाळ्यात ट्रॅकवर चिखल असायचा तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. पहाटे अंधारात बाहेर जायचं तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे हे स्कूटरवरून मागे मागे यायचे. नंतर ट्रॅकवरच्या रोजच्या चार बायकांशी ओळख झाली आणि ह्यांची झोप वाचली. ऑगस्टअखेर मी न थांबता ५ किलोमीटर पळाले.

नावनोंदणी ऑगस्टमध्येच केली, कारण लवकर भरली तर फी ९५० होती, नंतर १,३०० होणार होती. फॉर्म ऑनलाइन. रक्तगट, अडचणीच्या वेळी फोन करायचा नंबर, टी-शर्टचं माप, तब्येतीबद्दलचं प्रतिज्ञापत्र, सगळं भरून घेतात. मी दोन चुका केल्या. पहिली, नाव आधार कार्डावर आहे तसं पूर्ण न लिहिता नुसतं नाव-आडनाव लिहिलं. दुसरी, वयोगट त्या दिवशीच्या वयाप्रमाणे निवडला. वय स्पर्धेच्या दिवशीचं धरतात. डिसेंबरात मला ४५ पूर्ण होणार होती, म्हणजे गटच बदलत होता. आयोजकांना ईमेल केला, आधारची प्रत जोडली, सहा दिवसांनी दुरुस्ती होऊन आली. टी-शर्टच्या मापाचंही सांगते: बायकांसाठी वेगळं माप नसेल तर एक नंबर लहान मागवा.

फॉर्ममध्ये 'अपेक्षित वेळ' असाही एक रकाना होता. त्यात मी २ तास ३० मिनिटं भरलं. तोवर मी ५ किलोमीटरच्या वर पळालेलीसुद्धा नव्हते. पण आकडा एकदा लिहिला की तो मनात घर करतो.

बूट ४,२०० चे घेतले. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि पळतानाही सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मला नेहमीपेक्षा एक नंबर मोठा बसला. कमी जागा असेल तर नखं काळी पडतात, माझ्या नणंदेची दोन गेली होती.

सप्टेंबरपासून रविवारचा लांबचा पल्ला सुरू झाला. जेहान सर्कलपासून आनंदवली, नवश्या गणपती, सोमेश्वर आणि परत. हळूहळू बारदान फाट्याच्या पुढे, गंगापूर गावापर्यंत. हा रस्ता गोदावरीच्या उलट दिशेने, धरणाकडे जातो. गाडीवरून कधीच जाणवत नाही, पण पायांना कळतं की जाताना चढ आहे आणि येताना उतार. स्पर्धा याच रस्त्यावर होणार होती, म्हणून मी हट्टाने तिथेच पळायचे. पाय मजबूत व्हावेत म्हणून महिन्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. तिथे पहाटे इतके लोक असतात की एकटं वाटत नाही.

दिवाळीत नऊ दिवस खाडा पडला. फराळ, पाहुणे, भाऊबीज. त्यानंतर एकदम १२ किलोमीटर पळाले आणि उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. फिजिओथेरपीच्या तीन बैठका झाल्या, प्रत्येकी ५०० रुपये. फिजिओ म्हणाल्या गुडघ्यात काही नाही, कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत म्हणून भार गुडघ्यावर येतोय. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा एक व्यायाम दिला. तो मी रात्री टीव्हीसमोर सतरंजीवर करायचे, सासूबाई मोजायच्या. पंचवीस झाले की म्हणायच्या, "आता दुसरी कूस." तीन आठवड्यांत दुखणं गेलं.

२२ डिसेंबरला १८ किलोमीटर झाले, तो माझा सगळ्यात लांब पल्ला. मग पळणं कमी करत न्यायचं असतं, म्हणजे शरीर ताजं राहतं. या तीन आठवड्यांत मला फार बेचैन वाटायचं. जमवलेलं सगळं निसटून जाईल अशी भीती वाटत होती. नणंदेला रोज फोन करायचे आणि ती रोज तेच सांगायची: "काही जात नाही, झोपा."

शुक्रवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला गेले. पन्नास मिनिटं रांग. पुष्टीचा ईमेल, आधार आणि डॉक्टरांचं फिटनेसपत्र (ईसीजीसकट ६०० रुपये) दाखवायचं होतं. नाव जुळत नसल्यामुळे मला बाजूच्या मदत कक्षाकडे पाठवलं, तिथे आणखी वीस मिनिटं गेली. दुसऱ्या कुणाला आपलं बिब आणायला पाठवायचं असेल तर सहीचं पत्र आणि आपल्या ओळखपत्राची प्रत द्या. माझ्यासमोर दोघांना हात हलवत परत जावं लागलं. बिबच्या मागे चिकटवलेली छोटी पट्टी असते, तीच वेळ मोजणारी चिप. ती वाकवायची नाही, झाकायची नाही, असं कागदावर छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पुढे याचा संबंध येणार आहे.

शनिवारी रात्री वरण-भात, तूप, लिंबू. नवीन काही खायचं नाही आणि नवीन काही घालायचं नाही, हे मात्र मी काटेकोर पाळलं. कपडे, सेफ्टी पिना, पेट्रोलियम जेली, खजूर सगळं खुर्चीवर मांडून ठेवलं. जेली काखेत आणि मांड्यांना आतून लावायची, नाहीतर सोलवटून निघतं. साडेनऊला आडवी झाले, झोप लागली बाराला.

पहाटे साडेतीनला उठले. फोनवर ९ अंश दाखवत होते. निफाडकडे याहून कमी असतं. तिकडचे द्राक्षवाले अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागतात, गारठ्याने तयार मणी तडकतात म्हणून. माझ्या माहेरी बाग आहे. बाबा फोनवर म्हणाले होते, "तू पळायला उठशील तेव्हा मी बागेतच असेन." ते मनात घेऊन निघाले.

रस्ते साडेचारलाच बंद झाले होते. गाडी लांब लावून वीस मिनिटं चालत जावं लागलं, तेवढा वेळ हातचा ठेवा. सामान जमा करायची रांग, मग स्वच्छतागृहाची रांग. बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं कमी होती, पंचवीस मिनिटं गेली. बाहेर आले तर सहाला पाच कमी. वॉर्मअप राहिला. हातात जुने पायमोजे हातमोज्यांसारखे घातले होते, ते फार कामाला आले. अंगात जुना स्वेटर होता.

सहाला घोषणा झाली, ढोल सुरू झाला. नाशिक ढोल कानाशी वाजायला लागला की अंगात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी मागच्या गटात होते. बंदुकीची (स्पर्धा सुरू झाल्याची) वेळ आणि चिपची वेळ वेगळी असते, सुरुवातीला रस्त्यावर अंथरलेल्या, चिप वाचणाऱ्या पट्टीवरून आपण जाऊ तेव्हापासून आपलं घड्याळ चालू होतं, म्हणून पुढे घुसायची घाई करू नका. मला पट्टीपर्यंत पोचायला तीन मिनिटं लागली.

आणि मग मी पळाले. थंडीने आखडले होते, ऊब यायला हवी होती, आजूबाजूचे सगळे झपाझप जात होते, ढोल वाजत होता. अडीच तासांसाठी किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ७ सेकंद हवेत. पहिला किलोमीटर ६ मिनिटं ३१ सेकंदांत झाला. मी घड्याळ पाहिलं, आणि हळू व्हायच्या ऐवजी मला आनंद झाला. वाटलं, आज अंग हलकं आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या कविता राऊतने १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं होतं, त्या दिवसाचं वर्तमानपत्र ऑफिसात हातोहात फिरलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी! तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि पळणं हे आपल्यासाठी नाही असं धरून चालले होते. आनंदवलीपाशी तेच आठवून डोळे भरून आले. चढ कधी सुरू झाला ते कळलंही नाही.

सोमेश्वरपर्यंत अंधारच होता. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. नदीकडून धुकं रस्त्यावर येत होतं, कुठेतरी पालापाचोळा पेटवल्याचा वास होता. आतून घाम फुटला तेव्हा स्वेटर काढून कमरेला बांधला. टाकून द्यायचा म्हणून जुना आणला होता, पण टाकवेना, सासूबाईंनी विणलेला होता. थंडीत तहान लागत नाही. पहिले दोन पाण्याचे थांबे मी तशीच ओलांडून गेले.

गंगापूर गावाच्या पुढे वळण होतं. सूर्य वर आला होता, शाळेची मुलं लेझीम खेळत होती, एका आजींनी हातावर तिळाची वडी ठेवली. दोन दिवसांवर संक्रांत होती. वळून उताराला लागले आणि मनाशी म्हटलं, आता जमलं. १० किलोमीटर ६९ मिनिटं ४५ सेकंदांत झाले होते, ठरवल्यापेक्षा सव्वा मिनिट पुढे.

तेराव्या किलोमीटरला पाय जड झाले. दुखत काही नव्हतं, फक्त जड. मीठ लावलेली संत्र्याची फोड घेतली, इलेक्ट्रॉल घेतलं, खजूर खाल्ला. सोळाव्याच्या पुढे डाव्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. पाय टेकवता येत नव्हता. एक वयस्क धावपटू थांबले, म्हणाले, "ताई, टाच खाली दाबा, पंजा वर ओढा, श्वास घ्या." स्वतःची वेळ जात असताना ते माझ्यापाशी उभे राहिले. गोळा उतरला. पळायला गेले तर पुन्हा ओढ बसली, म्हणून चालले. अडीच तासांचा झेंडा घेतलेला पेसर (बरोबर तेवढ्याच वेळेत पळून इतरांना वेग दाखवणारा) आणि त्याच्यामागचा घोळका माझ्या शेजारून निघून गेला. तेव्हा मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पाच महिने तो आकडा मी रोज पाहिला होता.

नवश्या गणपतीच्या वळणापाशी नणंद भेटली, तिचं १० किलोमीटर संपवून ती मला शोधत उलटी आली होती. काही बोलली नाही. शेजारून फुटपाथवर चालायला लागली, मग हळूच पळायला लागली, आणि मीही. शेवटचा किलोमीटर मी पूर्ण पळाले. पट्टी ओलांडली तेव्हा लेक कठड्याला लटकून ओरडत होती, बाकी मला काही ऐकू आलं नाही.

मेडल घेतलं, पण बसू नका, दहा मिनिटं चालत राहा आणि ओले कपडे लगेच बदला. घामाने भिजलेल्या अंगावर वारा बसला आणि मी अर्धा तास कुडकुडत होते. दुसऱ्या दिवशी भोगी. जिना उतरताना मी कठड्याला धरून आडवी उतरत होते. बाजरीच्या भाकरी त्या वर्षी ह्यांनी थापल्या.

संध्याकाळी निकाल लागला. माझ्या नावापुढे वेळ नव्हती. 'स्पर्धा अपूर्ण' असं लिहिलं होतं. वळणावरच्या पट्टीवर माझी नोंदच झाली नव्हती. कमरेला बांधलेल्या स्वेटरच्या बाह्या पुढे बिबवर आल्या होत्या, तेवढं कारण असेल किंवा नसेलही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फोन कुणी उचलला नाही. ईमेल केला: बिब क्रमांक, वयोगट, सुरुवात आणि शेवटाची वेळ, घड्याळातली मार्गाची फाइल, आणि वळणावर बिब दिसतंय असा फोटो. तो फोटो स्पर्धेच्या फोटोंमधून शोधायला दोन तास लागले. चार दिवस उत्तर नाही. पुन्हा त्याच ईमेलला उत्तर म्हणून आठवण केली, नवा ईमेल केला की तक्रार पुन्हा शेवटच्या नंबरला जाते. २१ तारखेला दुरुस्त निकाल आला आणि प्रमाणपत्र उतरवून घेता आलं. घड्याळात २१.४ किलोमीटर दिसत होते, खरं अंतर २१.०९७५. मार्ग वळणांच्या आतल्या कडेने मोजतात, आपण गर्दीत बाहेरून जातो, शिवाय घड्याळाचाही थोडा फरक पडतो. म्हणजे घड्याळातल्या वेगावर विसंबून अडीच तासांचं गणित करायचं नसतं, दर किलोमीटरला थोडं हातचं ठेवायचं असतं.

२१ तारखेच्या रात्री ऑफिसची जुनी वही काढून पाच-पाच किलोमीटरचे तुकडे लिहिले. प्रत्येक तुकड्याला ३५ मिनिटं ३३ सेकंद हवे होते. पहिला ३३:४०, म्हणजे १ मिनिट ५३ सेकंद जमा. दुसरा, चढाचा, ३६:०५, ३२ सेकंद नावे. तिसरा ३७:५०, २ मिनिटं १७ सेकंद नावे, आणि हा बराचसा उतारावरचा! चौथा ४२:१०, ६ मिनिटं ३७ सेकंद नावे. राहिलेल्या टोकाला ३९ सेकंद नावे. बेरीज ८ मिनिटं १२ सेकंद. जुळलं.

दहा दिवस मी तो सगळा दोष पोटरीला देत होते. वही सांगत होती की गोळ्यात उभं राहण्याची दोन मिनिटं आणि चालण्याची साडेतीन, एवढंच पोटरीचं. तिसऱ्या तुकड्यात पोटरी ठीक होती आणि तरीही उतारावर मी मागे पडत होते. जमेची १ मिनिट ५३ सेकंद पाहिली तेव्हा उलगडलं, की ती जमा नव्हतीच, ते कर्ज होतं. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये, आखडलेल्या थंड पायांनी, वॉर्मअपशिवाय, चढावर उचललेलं. फिजिओंना वही दाखवली. त्याही म्हणाल्या, थकलेल्या स्नायूला गोळा येतो, आणि तो तुम्ही सुरुवातीलाच थकवलात. पाणीही कमी पडलं असेल.

वाईट वाटायचं तेवढं वाटून गेलं होतं. ताळा जुळल्याची शांतता मात्र मला ओळखीची आहे, ती त्या रात्री आली.

२६ तारखेला, रविवारी, झेंडावंदन आटोपून मी आणि लेक ट्रॅकवर गेलो. दहा मिनिटं नुसतं चाललो, पाय-घोटे फिरवले, मग सुरू केलं. तिला मागे मागे ठेवताना मला जड जात होतं, ती सारखी म्हणत होती, "आई, जरा जोरात ना!" पहिला किलोमीटर ७ मिनिटं ४० सेकंदांत झाला.